बार्शी लाइटचा दिवा, सतारीची तार आणि आमची भिशी

माझी मिरजेत दातांची लॅब आहे. दिवसभर कवळ्या आणि कॅप, आणि रात्री साडेनऊनंतर त्याच टेबलावर बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल. वडील त्याच नॅरोगेजला गार्ड होते. त्यांच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून आरग, ढालगाव, जत रोड, सांगोला करत पंढरपूरला जायचं, हे नियमात बसत नव्हतं, पण बसायची मी. ती लाइन आता ब्रॉडगेज झालीय, म्हणून मी ती घरात १:८७ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी, परत घालतेय. नवरा म्हणतो, खऱ्या रेल्वेला एवढा वेळ लागला नव्हता. खरंय. १८९७ला बार्शीपर्यंत सुरू झालेली लाइन १९२७ला मिरजेला पोचली. माझी अजून सांगोल्यातच आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, हा इंजिनाचा दिवा कुठं मिळाला?" दुकानात तो मिळत नाही. दुकानात जाऊन बार्शी लाइटचा दिवा मागितला तर दुकानदार आपल्याकडंच बघत बसतो. असे दिवे, शिट्ट्या, व्हॅक्यूमचे होज (ब्रेकच्या नळ्या), बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) बाजू, पायऱ्या, हँडल मी कसे मिळवते आणि आम्ही सात छंदवाले ते कसे वाटून घेतो, ते एकदाच सविस्तर लिहून टाकते.

नावानं मागू नका, मापानं मागा

ही चूक मीही चार वर्षं केली. "बार्शीच्या एफ क्लासचा दिवा आहे का कुणाकडं?" असं, इंजिनाच्या जातीचं नाव घेऊन, विचारत हिंडायची. कुणाकडंच नसायचा, कारण त्या नावाचा भाग कुणी काढलेलाच नव्हता. पण तेवढ्याच मापाचा, तसाच दिसणारा दिवा निदान तिघांच्या डब्यात पडून होता, दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचा म्हणून.

तेव्हा आधी गणित करा. समजा खरा दिवा १८ इंचांचा, म्हणजे ४५७ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की सव्वापाच मिलिमीटर. मग चिठ्ठी अशी लिहायची:

"हवंय: वाफेच्या इंजिनाचा पुढचा गोल दिवा. व्यास ५ ते साडेपाच मिमी, खोली ४ मिमीच्या आसपास, पाठ सपाट. पितळ, व्हाइटमेटल, प्लॅस्टिक काहीही. स्केल कुठलंही. दोन नग. बदल्यात माझ्याकडं चार अख्खे व्हॅक्यूम होज आणि एक कमानीचा बॉक्सव्हॅनचा दरवाजा आहे."

यातलं 'स्केल कुठलंही' हे सगळ्यात महत्त्वाचं. दिव्याला आपण कुठल्या स्केलचे आहोत ते माहीत नसतं. माझ्या एका इंजिनावरची वाळूची पेटी मुळात ब्रिटिश ओओमधली (म्हणजे १:७६.२ स्केलमधली) दुसऱ्याच कशाची तरी झाकणी आहे. आजवर कुणी ओळखलेली नाही.

सालही ठरवून टाका. बार्शी लाइट १९५४पर्यंत खासगी कंपनीची होती, नंतर सरकारनं घेतली, म्हणजे डब्यावरची अक्षरं बदलली. १९५०चा डबा आणि १९६०चे आकडे एकत्र केले की कुर्डूवाडीचे अण्णा फोन करतात. अण्णा तिथल्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांचा फोन आला की मी खुर्चीतून उठून उभी राहते.

भागाची सोयरीक काढा

लग्न जमवताना आपण मुलीचं आजोळ, मावशी, आत्या सगळं काढतो. इंजिनाचंही तसंच काढायचं. कुणी बांधलं, त्याच माणसानं आणखी काय बांधलं, आणि त्यातलं कुठलं जगात जास्त लोकप्रिय झालं? लोकप्रिय भावंडाचे सुटे भाग मिळतात.

बार्शी लाइट एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभी केली. अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), चाकाच्या जोडीवर पाच टनांच्या आतबाहेर वजन, आणि दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीच्या बोग्या. (पुढं हा गृहस्थ विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागं लागला. 'गार्डियन एंजल' नावाचं त्याचं पॅराशूट होतं.) याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तेवढ्याच गेजची लाइन काढली. ती १९०४ला सुरू झाली आणि १९३४ला बंदही पडली. तिची दोन्ही इंजिनं किटसन कंपनीची, आणि बार्शीची पहिली इंजिनंही किटसनचीच. इंग्लंडच्या हिरवळीतून जाणाऱ्या त्या इंजिनांच्या कपाळावर आपल्याकडच्यासारखे भलेमोठे दिवे आहेत!

ही लाइन तीस वर्षंच चालली, पण इंग्लंडातल्या नॅरोगेजवाल्यांची ती लाडकी आहे. तिथं ओओ९ (ओओ स्केलचं नॅरोगेज, ९ मिलिमीटरच्या रुळांवर) म्हणून अख्खा पंथ आहे, १९७३पासून त्यांची '००९' असं लिहिली जाणारी सोसायटी आहे, आणि लीक अँड मॅनिफोल्डचे भाग त्या लोकांत फिरत असतात. माझा दिवा तिथून आला. मी बार्शीचा मागत होते तोवर मिळाला नाही, मॅनिफोल्डचा मागितला आणि दीड महिन्यात दारात.

ब्रॉडगेजवाल्यांनाही हीच युक्ती. डब्ल्यूडीएम-२ हे आपल्याकडचं डिझेल इंजिन मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. तिची तीन चाकजोड्यांची, चाकांमधलं अंतर असमान असलेली 'ट्रायमाउंट' बोगी अल्कोच्या आरएसडी-४ आणि ५ या इंजिनांखालीही आहे, आणि ती इंजिनं एचओ स्केलमध्ये (म्हणजे १:८७मध्येच) अॅटलास या मॉडेल कंपनीनं काढली होती. तेव्हा 'डब्ल्यूडीएम-२ची बोगी' शोधत बसण्यापेक्षा मोडक्या आरएसडीच्या बोगीच्या बाजू शोधा. पुण्याचा एक पोरगा असाच दोन इंजिनं उभी करून बसलाय.

चौदा टक्क्यांचं भांडण

इंग्लंडातून भाग आणला की एक अडचण येतेच. ओओ९चं स्केल १:७६.२, माझं १:८७. म्हणजे त्यांचा भाग माझ्यापेक्षा चौदा टक्के मोठा. तुम्ही म्हणाल, मग ७६लाच का नाही बांधत? कारण रूळ. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ७६.२नं भागलं की बरोब्बर १० येतात, आणि तयार मिळणारे रूळ ९ मिलिमीटरचे. ८७नं भागलं तर ८.७६ येतात, म्हणजे ९ला जवळजवळ चिकटून. रूळ बरोबर हवेत तर भाग मोठे, भाग बरोबर हवेत तर रूळ अरुंद. यावरून आमच्यात दोन तट आहेत आणि दिवाळीच्या फराळालाही तो विषय निघतो.

माझा हिशेब असा: ज्या भागाशेजारी माणूस उभा राहतो तो भाग मापातच हवा. पायरी, दाराचं हँडल, खिडकी, शिडी. डोळा लगेच माणसाशी तुलना करतो आणि काहीतरी चुकलंय हे कळतं. दिवा, शिट्टी, व्हॉल्व्ह, चिमणीची कड, हे चौदा टक्के मोठे खपतात, कारण खऱ्या जगातही ते लहानमोठे असायचे. बोगी मात्र कधीच नाही. चाकांमधलं अंतर चौदा टक्क्यांनी चुकलं की डबा दुसऱ्याच रेल्वेचा दिसायला लागतो.

मिरजेतच मिळालेलं

बाहेरून मागवण्याआधी गावात एक चक्कर मारा. प्रत्येक गावाचा काहीतरी धंदा असतो आणि त्या धंद्यात आपला एखादा भाग दडलेला असतो. पुणेकरांना बोहरी आळी आणि तपकीर गल्ली आहे. मिरजेत आहेत सतारी बनवणारे.

इंजिनाच्या बाजूचं धरायचं लोखंडी हँडल खरं २२ ते २५ मिलिमीटर जाडीचं असतं. ८७नं भागा: ०.२५ ते ०.२९. सतारीची बाजाची (मुख्य वाजवायची) तार ०.३०च्या आसपास, तरफेच्या (खालच्या, नुसत्या झंकारणाऱ्या) तारा ०.२० ते ०.२३. म्हणजे दोन्हीकडून हँडल हातात. तुटलेल्या तारा कारागीर फुकट देतात. पहिल्यांदा मागितल्या तेव्हा त्यांना वाटलं मी सतार शिकतेय. खुलासा केला तर सगळे हसले, पण आता माझ्यासाठी डबा भरून ठेवतात. दोन सूचना: पोलादी तार नाजूक कटरनं तोडू नका, कटरच्या धारेला खड्डा पडतो. आणि मिरजेच्या पावसाळ्यात ती गंजते, म्हणून बसवल्या बसवल्या रंगाचा हात द्या. वाकवायला मऊ हवी असेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ३० नंबरची तांब्याची वाइंडिंग वायर घ्या, ती ०.३१५ मिलिमीटर भरते.

व्हॅक्यूमच्या होजसाठी गिटारची तार. हलक्या सेटमधली चौथी तार ०.०३२ इंच, म्हणजे ०.८१ मिलिमीटर. वरच्या गुंडाळीमुळं ती खऱ्या होजसारखी कड्याकड्यांची दिसते. कापायच्या जागी आधी सुपरग्लूचा थेंब टाका, तो सुकला की कापा. नाहीतर गुंडाळी उलगडते आणि बोटात फक्त आतली तार उरते.

दिव्याची काच: मी दातांत भरायच्या पारदर्शक रेझिनचा थेंब टाकून निळा प्रकाश मारते. तुमच्याकडं ते नसेल तर नखांच्या सजावटीचं यूव्ही जेल चालतं. टिकलीचे खडे वापरू नका. पैलूंमुळं इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसतं.

एकाचे दहा: साचा

इथं माझा धंदा कामाला येतो, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

दातांचं माप घ्यायचं सिलिकॉन दोन जातींचं असतं. स्वस्त कंडेन्सेशन सिलिकॉन काही तासांत आकसायला लागतं. त्यात आज घेतलेल्या साच्यात उद्या ओतलं तर भाग बारीक येतो. अॅडिशन सिलिकॉन माप धरून ठेवतं, तेच घ्या. कुठल्याही डेंटल डेपोत मिळतं. आधी पातळ 'लाइट बॉडी' सिरिंजनं भागाच्या खाचाखोचांत भरायचं, मग पाठीमागून घट्ट पुट्टी दाबायची. माझ्या साच्यात बोगीवरच्या रिव्हेटचं डोकंन् डोकं येतं.

एक मोठी खोट मात्र आहे. पहिल्या वेळी मी अण्णांनी दिलेल्या मूळ पितळी शिट्टीवर पुट्टी लावली आणि वाट बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. पुट्टी च्युइंगगमसारखी चिकटच. शिट्टी साफ करायला दोन दिवस गेले. कारण काय, तर माझ्या हातातले लॅटेक्सचे मोजे. त्यातल्या गंधकामुळं अॅडिशन सिलिकॉन जमत नाही. वीस वर्षं रोज हे काम करते, लॅबमध्ये कटाक्षानं विनाइलचे मोजे वापरते, आणि रात्री छंदाला बसले तर विसरले. मुलांच्या खेळण्यातल्या मातीतही गंधक असू शकतं, म्हणून साच्याची भिंत तिच्यानं लिंपू नका. जुन्या व्हिजिटिंग कार्डांची चौकट करा.

ओतायला पॉलियुरेथेन रेझिन घ्या. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा धरून फसफसतं आणि भागाला जाळी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये मी ओतत नाही, त्या दिवसांत रूळ साफ करते. आमच्याकडचं कवळीचं अॅक्रिलिकही चालतं, पण त्याचा वास डोक्यात जातो, खिडकी उघडी हवी.

पितळी भाग हवे असतील तर दागिन्यांचं कास्टिंग करणाऱ्याकडं जा. आमच्या बाजूला हुपरी आहे, चांदीच्या कामाचं गाव. तिथं पैंजणाच्या घुंगरांबरोबर माझे व्हॉल्व्ह ओतून मिळतात. मूळ नमुना त्यांना धातूचाच द्या, कारण रबराचा साचा दीडशे अंशांच्या आसपास भाजतात आणि त्यात प्लॅस्टिकचं पार लोणी होतं. शिवाय रबर, मेण, धातू प्रत्येक टप्प्यात थोडं आकसतं. माझ्या अनुभवात सगळं मिळून चार-पाच टक्के जातात, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा.

यावरून मला एक अक्कल सुचली होती. ७६चा भाग ८७ला आणायचा तर साधारण साडेबारा टक्के लहान करायचा. दर पिढीला साडेचार टक्के जात असतील तर ओतलेल्या भागाचा साचा, त्यातून आलेल्याचा परत साचा, अशा तीन पिढ्यांत भाग आपोआप ८७चा होईल! करून बघितलं. माप आलं, अगदी बरोबर आलं. पण तोवर कडा विरघळून दिवा वापरलेल्या साबणासारखा दिसायला लागला होता. तो अजून शोकेसमध्ये आहे, पाहुण्यांना दाखवायला.

साचा कशाचा घालायचा नाही हेही सांगते. भाग बनवणारा माणूस तो अजून विकत असेल तर नाही, मग किंमत कितीही जास्त वाटो. हे धंदे बहुतेक एका खोलीत एक म्हातारा चालवत असतो. बंद पडलेल्या मालाचंही आधी पत्र टाकून विचारावं. मी एका निवृत्त ब्रिटिश गृहस्थांना विचारलं तर त्यांनी दहा नगांची परवानगी दिलीच, वर उरलेल्या भागांची पुडी पाठवली.

थ्रीडी प्रिंटवाल्यांना एकच सांगणं: फाइल आपल्याकडं ठेवा. २०२४च्या जुलैमध्ये शेपवेज या ऑनलाइन प्रिंट करून देणाऱ्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा कितीतरी भाग एका रात्रीत मागवायचे बंद झाले. फाइल दोन घरांत असावी, आणि तिच्या नावातच स्केल, इंजिन आणि साल असावं. 'फायनल_नवीन_२' या नावाची फाइल माझ्या भाच्यानं मला दिलीय. ती कशाची आहे ते त्यालाही आठवत नाही.

भिशी

आम्ही सात जण: मिरज, सांगली, कुर्डूवाडी, पुण्यात दोघं, नाशिकला एक, आणि लीड्सला नोकरीसाठी गेलेली सांगोल्याची एक मुलगी. (लीड्सजवळच न्यूलेला कॅलथ्रॉपनं बार्शीचे डबे इकडं पाठवण्याआधी रुळावर चालवून दाखवले होते. तिला हे सांगितल्यावर ती पुढच्या रविवारी ती जागा शोधायला गेली.) महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे साडेतीन हजार. ज्याची पाळी त्याच्या यादीतून एकच मागणी जाते, पण बाकीच्यांचे बारीकसारीक भाग त्याच पाकिटात येतात. टपालखर्च सात ठिकाणी वाटला जातो.

परदेशी पार्सलचं मात्र जपून. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२०ला २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ला ७०. मॉडेल रेल्वे त्याच खात्यात मोजली जाते. पाठवणाऱ्याला 'गिफ्ट' किंवा कमी किंमत लिहायला सांगू नका. आमचं एक पार्सल अशाच चतुराईमुळं पाच आठवडे अडकलं आणि वर कागदपत्रांचा ससेमिरा. आत काय आहे, कशाचं आहे, कितीचं आहे ते सरळ लिहिलेलं असलं तर विचारणाऱ्याला उत्तर देता येतं. रंगाच्या बाटल्या टपालानं मागवूच नका.

भिशीपेक्षाही उपयोगी पडला तो आमचा फिरता डबा. कुठलंही किट बांधलं की भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिच्यावर चार-सहा भाग उरतात: दुसऱ्या आवृत्तीचा दिवा, जास्तीची पायरी, न लागणारं हँडल. पूर्वी आम्ही ते आपापल्या खोक्यात टाकायचो आणि विसरायचो. आता ते होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत जातात. बाटलीवर माप लिहिलेली चिठ्ठी असते, आणि डबा एकाकडून दुसऱ्याकडं फिरतो. दोन घ्या, दोन टाका. टाकायला काही नसेल तर घ्या आणि वहीत लिहा. वही अण्णांकडं असते. उधारी ते विसरत नाहीत.

भागाचा फोटो पाठवताना तो मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवून काढा, सरळ वरून. शेजारी नाणं ठेवायची पद्धत सोडून द्या, रुपयाचं नाणं इतक्यांदा बदललंय की कुठला रुपया ते विचारावं लागतं. पॅकिंगला कापूस नको, त्याचे धागे हँडलमध्ये अडकतात आणि ओढताना हँडलच हातात येतं. दागिन्यांवाल्यांकडचा पातळ कागद बरा. आणि मूळ नमुना कधीही टपालात टाकायचा नाही, फिरायचं ते ओतलेल्या नकलेनं. हा नियम आम्ही एक पाकीट वाटेत गहाळ झाल्यावर केला. त्यात तीच शिट्टी होती, जी मी दोन दिवस घासून साफ केली होती. अण्णा काही बोलले नाहीत. दुसरी शोधून द्यायला मला तीन वर्षं लागली.

सध्या वहीत शेवटच्या पानावर असं आहे. हवंय: डब्याच्या छतावरचे व्हेंटिलेटर, खालून साडेतीन मिमी रुंद, वीस नग, नाशिक. हवंय: मधोमध बसणारा एकच बफर, ७६चा असला तरी चालेल, सहा नग, मिरज. आहे: गोल दिवे नऊ, होज भरपूर, पितळी व्हॉल्व्ह चौदा, हुपरीहून परवाच आलेत, अजून घासायचेत. आणि त्याखाली अण्णांच्या अक्षरात: मिरज, दोन पायऱ्या, उधार, फेब्रुवारीपासून.